काचेवरचे किडे आणि पुसणाऱ्याची घाई

पहिला पाऊस पडून गेला की संध्याकाळी वाळवीला पंख फुटतात आणि थव्याथव्यानं ती दिव्यांकडे झेपावते. अशा वेळी महामार्गावरून तासभर मोटरसायकल चालवली, तर विंडशील्ड, हेडलाइट, टाकीचा पुढचा भाग आणि हेल्मेटची काच किड्यांनी माखून निघते. गाडी घरी आली की सीटखालचं कोरडं फडकं बाहेर येतं, डाग हलत नाही म्हणून जोर लावला जातो, आणि दुसऱ्या दिवशी उन्हात पाहिलं तर डाग गेलेला असतो पण त्या जागी बारीक गोल चरे उमटलेले असतात. दोष किड्यांना दिला जातो. माझ्या मते यातलं बरंचसं नुकसान हाताचं असतं. किडा काढणं हे पाण्याचं आणि वेळेचं काम आहे, त्यात मनगटाच्या जोराला फारसं स्थान नाही.

हे पटण्यासाठी त्या डागात काय असतं ते पाहावं लागेल. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. एवढ्या वेगानं आदळलेला किडा फुटतो आणि त्याच्या अंगातला प्रथिनयुक्त द्रव पृष्ठभागावर पसरतो. किड्याला जखम झाली की हा द्रव घट्ट आणि काळा व्हावा, अशी सोय त्याच्या शरीरातच असते. ते काम करणारं विकर फिनॉलऑक्सिडेज. चिरून ठेवलेलं वांगं किंवा शिळी कोळंबी काळी पडते ती याच जातीच्या विकरांमुळे. त्यात ऊन आणि इंजिनाची धग यांची भर पडली की प्रथिनं सुकून कडक होतात आणि किड्याच्या कवचाचे तुकडे त्यात चिकटून बसतात. शिवाय या थरावर रस्त्याची धूळ असते, आणि धुळीतले वाळूचे कण रंगावरच्या पारदर्शक लेपापेक्षा कितीतरी कठीण असतात. हा लेप साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे बहुतेकांच्या डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ. कोरडं फडकं ही वाळू त्यावरून फिरवतं. सुकलेली प्रथिनं मात्र पाणी शोषून पुन्हा मऊ होतात. फक्त त्यांना दहा-पंधरा मिनिटं द्यावी लागतात.

किड्यांचं आम्ल रंग खातं, मग घाई नको का, असं कोणी विचारेल. अमेरिकेतल्या फ्लोरिडात हा प्रश्न जुना आहे. तिथे ‘लव्हबग’ नावाची जोडीनं उडणारी काळी माशी वर्षातून दोनदा, मे आणि सप्टेंबरच्या आसपास, रस्त्यांवर एवढी दाटते की गाड्यांचा पुढचा भाग दिसेनासा होतो. (ती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून सुटली अशी वदंता तिथे अजून चालते, तिला काही आधार नाही.) तिथल्या कीटकशास्त्रज्ञांनी पाहिलं तेव्हा ताज्या माशीचा सामू ६.५ च्या आसपास, म्हणजे जवळपास उदासीन निघाला. चिरडलेली माशी दिवसभर तशीच राहिली की तो ४.२५ पर्यंत उतरला. घाई हवी ती इथे: डाग त्याच दिवशी ओला करावा, उद्यावर टाकू नये. ओला केल्यावर मात्र घाई नको.

पेट्रोल किंवा रॉकेलचा बोळा फिरवला की काम झटपट होतं, हा दुसरा युक्तिवाद. पत्र्यावर एखाद वेळ ते खपूनही जाईल. पण विंडशील्ड आणि हेल्मेटची काच बहुधा पॉलीकार्बोनेटची किंवा ॲक्रिलिकची असते, आणि पेट्रोलसारखी द्रावकं या प्लॅस्टिकमध्ये, विशेषतः स्क्रूच्या भोकांजवळ जिथे ताण असतो तिथे, केसासारख्या भेगा पाडू शकतात. अमोनिया असलेला काच पुसायचा फवाराही पॉलीकार्बोनेटला चालत नाही. टूथपेस्ट मुळातच घासून काढणारी. हेल्मेटच्या काचेवरचा चरा हा केवळ दिसण्याचा प्रश्न राहत नाही: रात्री समोरच्या ट्रकचा प्रकाश त्या चऱ्यांवर विखुरतो आणि रस्ता दिसेनासा होतो. टाकी कितीही चकचकीत ठेवा, आधी काळजी घ्यायची ती या काचेची.

प्रवासात किंवा पाणीटंचाईत एवढं पाणी कुठून आणायचं, ही अडचण खरी आहे. पण भिजवायला पाणी थोडंच लागतं. गाडी सावलीत उभी करून गार होऊ द्यावी. थोडं पाणी ओतून आधी धूळ वाहून जाऊ द्यावी, मग मऊ सुती किंवा मायक्रोफायबरचं फडकं चिंब करून डागांवर नुसतं पसरून ठेवावं. सुकू लागलं की वरून पाणी शिंपडावं. फडकं उचलताना बराचसा माल त्याच्याबरोबरच येतो. उरलेल्यासाठी पाण्यात गाडीच्या शाम्पूचे दोन थेंब पुरतात, आणि राहिलंच तर पुन्हा भिजवावं. बाटलीभर पाण्यात विंडशील्ड आणि हेल्मेट दोन्ही होतात. मॅट रंगाच्या गाडीला तर दुसरा मार्गच नाही, कारण घासलेली जागा कायमची चमकू लागते. रेडिएटरच्या पातळ पात्यांत अडकलेले किडेही असेच भिजवून हलक्या धारेनं काढावेत. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा जवळून मारला तर पाती वाकतात आणि हवा अडते.

वॅक्स किंवा कोटिंग लावलं की ही कटकटच संपते, असं विकणारे सांगतात. वॅक्समुळे डाग लवकर सुटतो हे खरं, पण किडा चिकटायचा थांबत नाही. नासा आणि बोइंगनं २०१५ साली लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला विमानाच्या पंखांवर किडे न चिकटणारे लेप तपासले होते, कारण पंखावरच्या किड्यांमुळे हवेचा सुरळीत प्रवाह बिघडतो आणि इंधन जास्त जळतं. त्यातल्या सर्वांत चांगल्या लेपानं किड्यांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटवलं. बाकीचे तिथेही चिकटलेच. डाग निघाल्यावरही रंगावर फिकट ठसा राहिला असेल, तर त्यावरून नख फिरवून पाहावं. नख अडलं नाही तर बारीक पॉलिशनं तो बहुधा जाईल. अडलं तर लेप खचलेला आहे, आणि ते काम पेंटरचं.