सुट्टीनंतरची शाळा आणि मुलांची झोप

महाराष्ट्रात बहुतेक शाळा जूनच्या मध्यास उघडतात, विदर्भात उन्हामुळे त्या महिन्याच्या अखेरीस. आणि वह्यांना खाकी कव्हरे घालून झाली, दप्तर भरले, तरी पहिल्या आठवड्यात मूल अंथरुणातून उठत नाही, याचे मूळ आळसात नसून जैविक घड्याळात, म्हणजे झोप-जागेपणाचे सुमारे 24 तासांचे चक्र चालवणाऱ्या मेंदूतील यंत्रणेत असते. अंधार पडल्यावर मेलाटोनिन हे झोपेची वेळ झाल्याचे शरीराला कळवणारे संप्रेरक (ग्रंथीतून रक्तात मिसळणारे रसायन) स्रवू लागते. मे महिनाभर गच्चीवरच्या गप्पा, पत्ते आणि मोबाइल यांत रात्रीचे बारा वाजत गेले, की हा स्राव उशिरा सुरू होतो आणि एका रात्रीत पूर्ववत होत नाही. म्हणून शाळेआधी आठवडाभर झोपण्या-उठण्याची वेळ रोज पंधरा-वीस मिनिटांनी अलीकडे आणणे आणि उठल्याबरोबर मुलाला गॅलरीतल्या उजेडात बसवणे हे रागावण्यापेक्षा कितीतरी उपयोगी ठरते, कारण सकाळचा प्रकाश हे घड्याळ अलीकडे सरकवतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास झोप लागते, हे पाहता चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, हा राज्य शासनाचा 2024 मधील निर्णय अत्यंत स्वागतार्ह होता. त्यापुढच्या मुलांची शाळा सातची असेल, तर मात्र घरातले रात्रीचे जेवणच साडेसातला उरकावे लागते.