नवे सरकार, नवे वर्ष : आमचे काही अंदाज

नवे वर्ष लागले की वर्तमानपत्रांत राशिभविष्ये येतात. यंदा त्यांच्या जोडीला राजकीय भविष्येही आली आहेत. सरकार टिकेल का, काय देईल, काय काढून घेईल? परभणीत २ फेब्रुवारीपासून हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरेल, तेव्हा चहाच्या टपऱ्यांवरही हीच चर्चा रंगेल.

गैबचे ज्ञान फक्त अल्लाहला आहे, ही आपली श्रद्धा. म्हणून ग्रहताऱ्यांच्या वाटेला आम्ही जात नाही. पण आभाळ भरून आले की शेतकरी खळ्यावरचे सोयाबीन झाकतो. ती भविष्यवाणी नसते, शहाणपण असते. तेवढेच आम्ही इथे करू पाहतो.

अंदाज चुकतात, हेही आधीच सांगून टाकू. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्राच्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीने जिंकल्या. पाच महिन्यांनी, २३ नोव्हेंबरला विधानसभेचे निकाल लागले तेव्हा महायुतीच्या तीन पक्षांना मिळून २८८ पैकी २३० जागा मिळाल्या. एवढा मोठा आकडा क्वचितच कोणी सांगितला होता. आपल्या जिल्ह्यात परभणीत शिवसेना (ठाकरे) पक्षाचे डॉ. राहुल पाटील, जिंतुरात भाजपच्या मेघना बोर्डीकर, पाथरीत राष्ट्रवादीचे राजेश विटेकर आणि गंगाखेडला राष्ट्रीय समाज पक्षाचे रत्नाकर गुट्टे निवडून आले. बोर्डीकर राज्यमंत्री झाल्या आणि जानेवारीत जिल्ह्याच्या पालकमंत्रीही झाल्या.

आमचा पहिला अंदाज : सरकार या वर्षी पडणार नाही. बहुमताला १४५ आमदार लागतात आणि एकट्या भाजपचे १३२ निवडून आले. दोन मित्रपक्षांपैकी एक रुसून गेला तरी दुसऱ्याच्या बळावर सरकार उभे राहते. रुसवेफुगवे होतीलच. रायगड आणि नाशिकच्या पालकमंत्र्यांच्या नेमणुका एका दिवसात स्थगित कराव्या लागल्या, ते आपण पाहिलेच. पण ‘सरकार आज जाईल, उद्या जाईल’ या आशेवर किंवा भीतीवर कोणी आपली कामे अडवून ठेवू नयेत.

दुसरा अंदाज भगिनींसाठी. ‘लाडकी बहीण’चे १,५०० रुपये २,१०० होतील, असे आश्वासन होते. या योजनेसाठी वर्षाला ४६,००० कोटींची तरतूद सांगितली गेली होती. दरमहा ६०० रुपये वाढवायचे म्हणजे खर्च चाळीस टक्क्यांनी वाढतो. मार्चच्या अर्थसंकल्पात ही वाढ होईल असे आम्हाला वाटत नाही. उलट छाननी वाढेल. घराचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपेक्षा जास्त असेल, घरात कोणी आयकर भरत असेल किंवा ट्रॅक्टर सोडून दुसरे चारचाकी वाहन असेल, तर नाव कमी होऊ शकते. म्हणून या पैशाच्या भरवशावर भिशी लावू नका, नवे कर्ज काढू नका. येणाऱ्या हप्त्यातून मुलीच्या फीसाठी थोडे बाजूला टाकता आले तर उत्तमच.

तिसरा अंदाज शेतीचा. सप्टेंबरच्या सुरुवातीच्या अतिवृष्टीने आपल्या भागातली उभी पिके पाण्यात गेली. जे सोयाबीन हाती लागले त्याचा २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये होता, पण बाजारात भाव त्याच्याही खाली होता. प्रचारात ६,००० रुपयांची भाषा होती, कर्जमाफीचे वचनही होते. तिजोरीवर आधीच इतका भार असताना कर्जमाफी यंदा लगेच होईल असे दिसत नाही. ‘माफी होणारच आहे’ म्हणून हप्ते थकवणाऱ्यांवर व्याज मात्र चढत राहील.

चौथा अंदाज सांगताना मन जड होते. वक्फ दुरुस्ती विधेयक ८ ऑगस्ट २०२४ ला लोकसभेत मांडले गेले आणि संयुक्त संसदीय समितीकडे गेले. समितीचा अहवाल २०२५ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात अपेक्षित होता. केंद्रातले संख्याबळ पाहता विधेयक मंजूर होईल, अशीच चिन्हे होती. सनदशीर मार्गाने विरोध नोंदवावा, न्यायालयाची दारे उघडी आहेत. पण कागद नसतील तर वकील तरी काय करणार? आपल्या गावच्या मशिदीचा, कब्रस्तानचा, दर्ग्याचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक कोणाच्या नावे आहे, हे मुतवल्लींना आजच विचारा. निजामकाळातला मुंतखब कुठल्या पेटीत पडला आहे? छत्रपती संभाजीनगरला पाणचक्कीतील वक्फ मंडळात नोंद झाली आहे का? रमजान येईल. त्याआधी एवढे काम उरकता येईल.

कागदांचेच आणखी एक. उशिरा केलेल्या जन्मनोंदीचे दाखले देण्यास सरकारने जानेवारी २०२५ मध्ये स्थगिती दिली. हा तपास आणखी पसरेल, असा आमचा पाचवा अंदाज आहे. घरात बाळ जन्मले की एकवीस दिवसांत नोंद करा. आजी-आजोबांचे शाळेचे दाखले, जुनी रेशन कार्डे एका पिशवीत जपून ठेवा. आधार कार्डावर, शाळेत आणि मतदार यादीत नावाची अक्षरे एकसारखी आहेत का, हेही तपासा.

सहावा अंदाज महापालिकेचा. परभणीत २०१७ नंतर २०२५ च्या सुरुवातीपर्यंत महापालिकेची निवडणूक झालेली नव्हती. २०२२ पासून प्रशासक होते. नळाला पाणी का येत नाही, हे विचारायला मोहल्ल्यात नगरसेवकच नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होते, आणि २०२५ च्या अखेरीपर्यंत निवडणुकीची तयारी सुरू होईल असा आमचा कयास होता. विधानसभेत २८८ पैकी १० आमदार मुस्लिम, मंत्रिमंडळात एकटे हसन मुश्रीफ. अशा वेळी वॉर्डातले मत अधिकच मोलाचे ठरते. सुनेचे, अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलीचे नाव यादीत आहे ना?

शेवटी एका गोष्टीचा अंदाज आम्ही बांधणार नाही. १० डिसेंबरला परभणी रेल्वे स्थानकाजवळच्या डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, धरपकड. १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचे शिक्षण घेणारा तरुण न्यायालयीन कोठडीत मरण पावला. सरकारने न्यायालयीन चौकशी जाहीर केली आहे. तिचे काय होईल, हे आम्ही सांगू शकत नाही. एवढे मात्र सांगू शकतो की त्या आईच्या मागणीत आपला आवाज मिसळणे हे आपले काम आहे. शेजाऱ्याच्या दुःखाच्या वेळी आपण कुठे होतो, हे लोक लक्षात ठेवतात.

वाचकहो, हे पान फाडून कपाटात ठेवा. पुढच्या जानेवारीत काढा. आमचे जे अंदाज चुकले असतील ते पत्राने कळवा, आम्ही छापू. आणि त्याच पत्रात लिहा की मुंतखब सापडला का, नाव यादीत आले का. त्या उत्तरांची आम्हाला जास्त उत्सुकता आहे.