दुसरी प्रत कुठे ठेवलीत?

घराच्या कागदांची झेरॉक्स तुम्ही कुठे ठेवली आहे हो? त्याच कपाटात, मूळ कागदांच्या खाली? हसत नाही मी. आमचीही तिथंच होती.

२६ जुलै २००५ चा तो मंगळवार. आम्ही तेव्हा अंधेरीला तळमजल्यावर राहत होतो. संध्याकाळी पाणी उंबरा ओलांडून आत आलं. तांदळाचा डबा, सासूबाईंची औषधं, मुलांची दप्तरं, सगळं ओट्यावर चढवलं. दिवाणाच्या खणातले अल्बम मात्र रात्री आठवले. निगेटिव्ह होत्या, पण त्याही त्याच खणात! काही फोटोंच्या जादा प्रती घाटकोपरला जाऊबाईंकडे दिल्या होत्या. त्यांचंही घर तळमजल्याचं. एका रात्रीत दोन्हीकडचा लगदा झाला.

सासरे जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या तो लगदा सुकवत बसल्या. पुढे अकोल्याला माहेरी गेले, तर आईच्या ट्रंकेत आमच्या लग्नातला एक फोटो निघाला. अक्षता हातात घेतलेले सासरे! आज घरात त्यांचा तेवढाच फोटो आहे.

त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला पाऊणशेसुद्धा नाही. म्हणजे प्रत किती आहेत यापेक्षा त्या एकमेकींपासून किती लांब आहेत, ते महत्त्वाचं. मोठ्या संस्थांनाही हेच करावं लागतं. वांद्र्याच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजची राखीव यंत्रणा चेन्नईला आहे. मुंबईचा पूर तिथवर कसा पोचणार? आणि नुसती ठेवून ते थांबत नाहीत. २ मार्च २०२४ ला, शनिवार असूनही, त्यांनी बाजार उघडला आणि काही वेळ सगळा व्यवहार मुद्दाम राखीव जागेवरून चालवून पाहिला. उलट फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला मार्च २०२१ मध्ये संगणकांची एक मोठी इमारत जळाली, तेव्हा ज्यांची दुसरी प्रतही त्याच आवारात होती त्यांचं दोन्ही गेलं. आपल्या दिवाणाच्या खणासारखंच की!

तुम्ही म्हणाल, आता सगळं मोबाईलमध्ये असतं. असतं खरं, पण एक पाहा. बऱ्याच फोनमध्ये फोटो इकडे पुसला की तिकडे इंटरनेटवर ठेवलेलाही पुसला जातो. ती काही दुसरी प्रत नव्हे. शिवाय त्या जुलैत उपनगरांत वीज नव्हती, फोन लागत नव्हते. नवा फोन घेतलात, तरी पासवर्ड जुन्या, बुडालेल्या फोनमध्ये असेल तर काय उपयोग? तो कागदावर लिहून, पाकीट चिकटवून, लांबच्या विश्वासू माणसाकडे द्या.

कागदांचं त्या मानानं सोपं आहे. नोंदणी झालेल्या कराराची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळू शकते, आधार-पॅन डिजिलॉकरमध्ये ठेवता येतात. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटची दुसरी प्रत मिळते, फक्त खेटे घालावे लागतात. फोटोची प्रत मात्र कुठल्या सरकारी कचेरीत मिळणार? म्हणून आधी फोटो. पेनड्राइव्हवर उतरवा आणि दुसऱ्या शहरात पाठवा. मुलुंडच्या बहिणीकडे नको, तिथं पाऊस तोच!

पाणी शिरलंच, तर भिजलेले फोटो ओढून सोडवू नका, स्वच्छ पाण्यात अलगद सुटे करून सावलीत वाळवा. भिजलेला कॉम्प्युटर “बघू तरी” म्हणून चालू करू नका. उरलंसुरलं तेव्हाच जातं, शिवाय शॉक बसायचा तो वेगळाच.

आमच्याकडे आता भाऊबीजेला पेनड्राइव्हची अदलाबदल होते. आमचा अकोल्याला जातो, भावाचा माझ्याकडे येतो. देण्याआधी तो लावून दोन-चार फोटो उघडून पाहायचे, हा नियम सासूबाईंनी घालून दिला. गेल्या वर्षी एक रिकामाच निघाला. मुलानं फोटो उतरवलेच नव्हते!