देश बदलणारे खेळाडू आणि पासपोर्टचा पेच

बुडापेस्ट येथे २१ सप्टेंबर २०२४ रोजी बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या दहाव्या फेरीत भारत आणि अमेरिका समोरासमोर आले. नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी चौथ्या पटावर लेव्हॉन अरोनियनविरुद्ध खेळत होता. त्याचा डाव बरोबरीत सुटला. भारताने ही लढत अडीच विरुद्ध दीड गुणांनी जिंकली आणि दुसऱ्या दिवशी सुवर्णपदकावर शिक्कामोर्तब झाले. पंचवटीपासून गंगापूर रोडपर्यंत नाशिककरांना त्याचा आनंद होणे स्वाभाविकच होते. मात्र त्या पटापलीकडे बसलेल्यांची नावे पाहिली, तर आजच्या क्रीडाविश्वातील एक मोठा प्रश्न ध्यानात येतो. अमेरिकेच्या पाच जणांच्या चमूत अरोनियन पूर्वी आर्मेनियाकडून, वेस्ली सो फिलिपिन्सकडून, लेनियर डोमिंगेझ क्युबाकडून, तर फॅबियानो कारुआना इटलीकडून खेळलेला. पाचपैकी चौघांनी कधी ना कधी झेंडा बदलला होता.

खेळाडू देश का बदलतात, त्यांना तो कसा बदलता येतो आणि भारतीयांच्या बाबतीत ही गोष्ट इतकी अवघड का ठरते, हे प्रश्न आता केवळ परदेशातील क्रीडारसिकांपुरते उरलेले नाहीत. २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेटचा समावेश झाल्यामुळे ते थेट मराठी घरांपर्यंत येऊन ठेपले आहेत.

जागा मोजक्या, दावेदार अनेक

देश बदलण्यामागे पैसा, राजकारण, विवाह, शिक्षण अशी अनेक कारणे असतात. पण बहुतेक वेळा मूळ कारण साधे असते. जागा थोड्या आणि दावेदार पुष्कळ. फिगर स्केटिंग या बर्फावरील नृत्यमय खेळात हे सर्वांत स्पष्ट दिसते. जागतिक स्पर्धेत एका प्रकारात कोणत्याही देशाला जास्तीत जास्त तीनच प्रवेशिका मिळतात आणि त्याही आदल्या वर्षीच्या कामगिरीवर ठरतात. कामगिरी बेताची असेल तर एकाच जागेवर समाधान मानावे लागते. त्यामुळे रशिया, जपान किंवा अमेरिका यांसारख्या देशात चौथ्या-पाचव्या क्रमांकाचा स्केटर जगातील पहिल्या दहांत बसण्याइतका गुणी असूनही घरीच राहतो. तोच स्केटर एखाद्या लहान देशाकडून सहज जागतिक स्पर्धेत उतरू शकतो.

दर हिवाळ्यात होणाऱ्या ग्रां प्री मालिकेचे गणितही असेच आहे. या मालिकेत सहा स्पर्धा असतात आणि एका स्केटरला जास्तीत जास्त दोन स्पर्धा मिळतात. आधीच्या हंगामातील क्रमांक व गुण पाहून हे वाटप होते. यजमान देशाला स्वतःचे काही खेळाडू निवडण्याची मुभा असते. हंगामापूर्वी जाहीर होणाऱ्या या यादीत नाव नसले, तर वर्षभराच्या मेहनतीला मोठे व्यासपीठच मिळत नाही. बर्फावर पाऊल ठेवण्याआधीच अनेकांचे भवितव्य अशा रीतीने कागदावर ठरून जाते.

तीन कुलुपे

देश बदलायचा झाला तर साधारणपणे तीन कुलुपे उघडावी लागतात. पहिले कुलूप जुन्या संघटनेचे. तिच्याकडून ना हरकत प्रमाणपत्र मिळावे लागते आणि ते नेहमीच सुखासुखी मिळत नाही. बुद्धिबळात अशा बदलीसाठी रीतसर शुल्कही आकारले जाते. दुसरे कुलूप प्रतीक्षेचे. एका देशाकडून खेळल्यानंतर ठरावीक काळ थांबावे लागते. तिसरे आणि सर्वांत जड कुलूप नागरिकत्वाचे.

या तिसऱ्या कुलपाबाबत प्रत्येक खेळाचा नियम निराळा आहे. फिगर स्केटिंगच्या जोडी प्रकारात दोघांपैकी एकच जण त्या देशाचा नागरिक असला, तरी जागतिक स्पर्धेत चालते. ऑलिम्पिकमध्ये मात्र ऑलिम्पिक सनदेच्या ४१ व्या नियमानुसार प्रत्येक खेळाडू त्या देशाचा नागरिकच असावा लागतो. साहजिकच अनेक जोड्या तीन वर्षे सर्वत्र एकत्र खेळतात आणि चौथ्या वर्षी पासपोर्टच्या दारात अडतात.

कॅनडात जन्मलेली टॅनिथ बेलबिन अमेरिकेकडून खेळत होती. तिला २००६ च्या ट्युरिन ऑलिम्पिकला जाता यावे, यासाठी २००५ च्या अखेरीस अमेरिकी काँग्रेसला विशेष तरतूद करावी लागली. दोनच महिन्यांत तिने बेन अगोस्टोसह रौप्यपदक मिळवले. युक्रेनमध्ये जन्मलेली अल्योना सावचेन्को जर्मनीकडून खेळत होती. तिचा फ्रेंच जोडीदार ब्रुनो मासो याला आधी फ्रान्सच्या संघटनेच्या परवानगीसाठी आणि नंतर जर्मन भाषेची परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी झगडावे लागले. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याला जर्मन नागरिकत्व मिळाले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये या जोडीने ऑलिम्पिक सुवर्ण जिंकले.

भारतीय वाचकाला अधिक जवळची वाटावी अशी कहाणी जपानच्या युको कावागुची हिची आहे. रशियाकडून ऑलिम्पिक खेळण्यासाठी तिने रशियन नागरिकत्व घेतले. परंतु जपानचा कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नसल्याने तिला मायदेशाचे नागरिकत्व सोडावे लागले. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये ती आणि तिचा जोडीदार चौथे आले. देश सोडला आणि पदकही हुकले.

भारताचा कायदा काय सांगतो?

भारताची भूमिकाही जपानसारखीच कठोर आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद ९ आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा यांनुसार, स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. परदेशस्थ भारतीयांना मिळणारे ‘ओसीआय’ कार्ड हे नावात नागरिकत्व असले तरी प्रत्यक्षात दीर्घ मुदतीचा परवाना आहे. त्यात मतदानाचा हक्क नाही आणि भारताच्या संघात खेळण्याचाही नाही. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने २००८ मध्येच स्पष्ट केले होते की, राष्ट्रीय संघात केवळ भारतीय नागरिकच खेळू शकतील.

म्हणूनच ज्यांना भारताकडून खेळायचे आहे, त्यांना दुसरा पासपोर्ट सोडावा लागतो. अमेरिकेत जन्मलेली फिगर स्केटर तारा प्रसाद हिने २०१९ मध्ये भारतीय नागरिकत्व स्वीकारले आणि पुढे ती भारताकडून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरू लागली. पुणे एफसीकडून खेळलेला फुटबॉलपटू अराता इझुमी हा जपानी आई व भारतीय वडील यांचा मुलगा. त्याने जपानी नागरिकत्वावर पाणी सोडले, तेव्हा कुठे २०१३ मध्ये त्याला भारताची जर्सी मिळाली. मातुल घराणे मुंबईचे असलेल्या रायन विल्यम्स या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या फुटबॉलपटूनेही २०२५ मध्ये हाच मार्ग पत्करला.

मालाडचा गोलंदाज, अमेरिकेचा संघ

उलट दिशेच्या प्रवासाचे सर्वांत परिचित मराठी नाव म्हणजे सौरभ नेत्रावळकर. मुंबईच्या मालाडमध्ये वाढलेला हा डावखुरा वेगवान गोलंदाज २०१० च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. के. एल. राहुल आणि जयदेव उनाडकट हे तेव्हाचे त्याचे सहकारी. त्या स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत पाकिस्तानने भारताला हरवले होते. पुढे मुंबईच्या रणजी संघात त्याला २०१३ मध्ये एक सामना मिळाला. पण मुंबईच्या संघात स्थान टिकवणे किती कठीण असते हे क्रिकेट जाणणाऱ्यांना सांगायला नको. स्केटिंगमधले जागांचे गणित येथेही लागू पडले. २०१५ मध्ये तो संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गेला, पुढे ऑरॅकल कंपनीत अभियंता झाला आणि क्रिकेटही सुरू राहिले.

येथे क्रिकेटचा नियम त्याच्या मदतीला आला. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद नागरिकत्वाचा आग्रह धरत नाही. त्या देशात जन्म, त्याचे नागरिकत्व किंवा तेथे सलग तीन वर्षे मुख्य वास्तव्य, यांपैकी एक अट पूर्ण झाली तरी पुरते. २०१८ पासून नेत्रावळकर अमेरिकेकडून खेळू लागला, कर्णधारही झाला. ६ जून २०२४ रोजी डॅलसजवळ पाकिस्तानविरुद्धच्या सामन्यात सुपर ओव्हर टाकून त्याने अमेरिकेला विजय मिळवून दिला. सहाच दिवसांनी न्यू यॉर्कमध्ये भारताविरुद्ध त्याने रोहित शर्मा आणि विराट कोहली या दोघांना बाद केले. त्या संघात १९ वर्षांखालील भारतीय विश्वविजेत्या संघातला मुंबईचा हरमित सिंग होता, तसा न्यूझीलंडचा माजी खेळाडू कोरी अँडरसनही होता.

लॉस एंजलिसची परीक्षा

१९०० नंतर प्रथमच २०२८ मध्ये क्रिकेट ऑलिम्पिकमध्ये परतेल. पुरुष आणि महिला अशा दोन्ही गटांत प्रत्येकी सहा संघ असतील. तेथे सत्ता क्रिकेट परिषदेच्या नियमांची नव्हे, तर ऑलिम्पिक सनदेची असेल. तीन वर्षांच्या वास्तव्यावर विश्वचषक खेळता येतो, ऑलिम्पिक मात्र खेळता येणार नाही. अमेरिकेच्या संघात वास्तव्याच्या आधारे आलेल्या कोणाही भारतीयाला तेथे उतरायचे असेल, तर अमेरिकी नागरिकत्व घ्यावे लागेल. ते घेतले की त्याच क्षणी भारतीय नागरिकत्व संपेल. फिगर स्केटिंगच्या जोड्या गेली अनेक वर्षे ज्या पेचात सापडत आल्या, तोच पेच आता क्रिकेटपुढे उभा आहे.

या निवडीला देशद्रोह किंवा देशप्रेम अशी लेबले लावणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. अरोनियनने अमेरिकेकडून खेळायला सुरुवात केली म्हणून आर्मेनियासाठी त्याने जिंकलेली तीन ऑलिम्पियाड सुवर्णपदके पुसली जात नाहीत. दुसरीकडे, खुली बाजारपेठ झाली तर श्रीमंत देश तयार खेळाडू विकत घेतील आणि त्यांना घडवणारे लहान देश रिकामे राहतील, ही भीतीही निराधार नाही. प्रतीक्षाकाळ आणि ना हरकत प्रमाणपत्र या अटींमागे तीच भीती आहे.

पंचवटीतील हिरावाडीच्या विभागीय क्रीडा संकुलात आज घाम गाळणाऱ्या मुलामुलींपैकी काही जण उद्या शिक्षणासाठी परदेशी जातील आणि तेथेही खेळत राहतील. त्यांच्या पालकांनी विद्यापीठाचे शुल्क आणि व्हिसा यांच्या बरोबरीने एक गोष्ट आधीच समजून घेतलेली बरी. क्लबची जर्सी दर हंगामात बदलता येते, राष्ट्रीय संघाची जर्सी काही वर्षे थांबून बदलता येते. पासपोर्ट मात्र भारतीयाला एकच ठेवता येतो. तो कोणता, हा निर्णय शेवटी कोणतीही क्रीडा संघटना घेत नाही. तो घरातच घ्यावा लागतो.