दोन घंट्या

मुंबईच्या लोकलला दोन्ही टोकांना सारखीच केबिन असते. पुढच्या केबिनमध्ये मोटरमन, मागच्या केबिनमध्ये गार्ड. शेवटच्या स्टेशनावर इंजिन काढायचं-जोडायचं काम नसतं. मागचं टोक पुढचं होतं आणि गाडी परत निघते. 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हीटी ते कुर्ला विजेची पहिली लोकल धावली, तेव्हापासून हे असंच चालू आहे.

माझे वडील लोकलवर गार्ड होते. मी त्यांना कायम काचेमागे, हँडल आणि मीटरांसमोर बसलेलं पाहिलेलं. त्यामुळे गाडी बाबाच चालवतात याबद्दल मला शंकाच नव्हती. प्लॅटफॉर्म सोडताना त्यांचं तोंड माझ्याकडे असायचं आणि गाडी लांब जायची. म्हणजे ते ती उलटी चालवतात, आणि उलटी चालवणं जास्त अवघड, असा माझा पक्का हिशेब होता.

गार्ड गाडी चालवत नाही. पण त्याच्यावाचून ती हलतही नाही. सिग्नल मिळालेला असला तरी मोटरमन थांबून राहतो. गार्ड दारातून वाकून अख्खा प्लॅटफॉर्म पाहतो: कुणाची ओढणी, कुणाची पिशवी, धावत येऊन दांडा पकडणारं कुणी. मग दोन घंट्या देतो. पुढून उत्तरादाखल दोन घंट्या येतात आणि गाडी सुटते. तेवढ्यात कुणी घसरलं तर एक घंटी, म्हणजे थांब. हे सगळं अर्ध्या मिनिटाच्या आत, दर स्टेशनावर. त्या अर्ध्या मिनिटात चुकीला जागा नसते, आणि ते नीट पार पडलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

मालगाडीच्या गार्डचं जिणं वेगळं. ब्रेकव्हॅन म्हणजे सगळ्यात शेवटी जोडलेला लोखंडी डबा. वर्षानुवर्षं त्यात ना दिवा होता, ना संडास. माणसं त्यात रात्रच्या रात्र एकटी काढत. या डब्याच्या पाठीवर ‘एल.व्ही.’ अशी पाटी लावतात आणि रात्री लाल दिवा. गाडी स्टेशनातून पार होताना स्टेशनमास्तर नेमकं तेच पाहायचा. पाटी दिसली म्हणजे गाडी पूर्ण आली. नाही दिसली तर कपलिंग तुटून काही वाघिणी मागे सेक्शनमध्ये राहिल्या असणार, आणि मग मागच्या गाडीला सोडायचं नाही.

गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये अडकली की गार्डची खरी परीक्षा. ब्रॉडगेजवर नियम असा, की त्याने मागे चालत जाऊन 600 मीटरवर रुळाला एक फटाका लावायचा, आणि 1200 मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. चाकाखाली फटाका फुटला की मागच्या गाडीचा ड्रायव्हर सावध होतो. पावसात, घाटात, अंधारात हातात कंदील घेऊन सव्वा किलोमीटर खडीवरून चालणं काय असतं, हे ज्यांच्या घरी गार्ड होता त्यांना विचारावं.

जानेवारी 2022 मध्ये रेल्वेने या पदाला ‘ट्रेन मॅनेजर’ असं नाव दिलं. गार्ड म्हटलं की लोकांना इमारतीचा वॉचमन वाटायचा, त्यामुळे ही मागणी जुनीच होती आणि मला ती रास्त वाटते. एसी लोकलची दारंही आता हाच माणूस मागून उघडतो, बंद करतो. मालगाड्यांवर मात्र शेवटच्या वाघिणीला यंत्र बसवून गार्डशिवाय गाडी न्यायचे प्रयोग सुरू आहेत. गाडी अखंड आहे की नाही, हे ते यंत्र इंजिनाला कळवतं. फटाके लावायला मागे चालत जाणं मात्र त्याला जमणारं नाही.