कापसाने घडवलेलं मँचेस्टर

मँचेस्टरला सेंट ॲन्स स्क्वेअरजवळ रॉयल एक्स्चेंजची इमारत आहे. आत शिरलात की आधी मान वर करून पाहा. उंचावरच्या फलकावर भाव अजून तसेच आहेत, 1968 साली शेवटचा बाजार उठला त्या दिवसाचे. एके काळी जगभरच्या कापसाचे आणि सुताचे सौदे या छताखाली होत. आता इथे नाटकं होतात. नाट्यगृहाचा भार जुन्या जमिनीला पेलवला नसता, म्हणून ते चार भक्कम खांबांवर तोलून धरलं आहे.

तिथून पंधरा-वीस मिनिटं चाललं की अँकोट्स. रॉचडेल कालव्याच्या काठाने लाल विटांच्या गिरण्या आणि खिडक्यांच्या रांगांवर रांगा. लालबाग-परळ पाहिलेल्या माणसाचा पाय इथे अडतोच. आपल्याकडे बहुतेक गिरण्या पाडून टॉवर उठले. इथे भिंती राखून आत फ्लॅट केले. मला हे मनापासून आवडतं. पण भाडी अशी चढली आहेत, की ज्यांच्या पणज्या इथे साच्यावर राबल्या त्यांनाच इथे घर परवडत नाही, आणि याचं वाईट वाटतं.

या शहराशी आपला संबंध जुना. 1861 ते 65 अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस थांबला आणि मुंबई बंदरातून गासड्या इकडे येऊ लागल्या. मुंबईत पैशाचा पूर आला. इथल्या कामगारांच्या चुली मात्र विझल्या. बरेचसे कारखाने बंद होते, आणि जे चालू होते तिथे आखूड धाग्याचा ‘सुरती’ कापूस सारखा तुटायचा. तरीही 1862 च्या अखेरीस मँचेस्टरच्या कामगारांनी सभा भरवून गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंबा कळवला. पुढच्याच महिन्यात लिंकनने त्यांना आभाराचं पत्र धाडलं. त्याचा पुतळा आज लिंकन स्क्वेअरमध्ये उभा आहे.

राहायला मात्र लोक दक्षिणेकडे सरकतात. डिड्सबरी आणि चोर्ल्टन झाडांचे, महागडे. लेव्हनशूम त्या मानाने साधं. विल्मस्लो रोडची बस धरली की विद्यापीठ मागे पडतं आणि रशम येतं. पावसाळी संध्याकाळी काचेवर वाफ धरलेली असते, आणि बसचं दार उघडताच कबाबाचा धूर आत येतो. पूर्वी इथे पाकिस्तानी, बांगलादेशी खानावळींचाच जोर होता. आता मधूनमधून अरबी आणि अफगाणी पाट्याही दिसतात.

उतरल्यावर फुटपाथवरच्या लोखंडी खुंटाकडे बघा. त्यावर मधमाशी कोरलेली असते, कामकरी माशी. 1842 पासून ती या शहराच्या मानचिन्हात आहे.