मोटारगाडीतील वातानुकूलनाचे विद्युत् मंडल

मोटारगाडीतील हवा थंड व कोरडी करणाऱ्या यंत्रणेचे चालन, नियंत्रण व संरक्षण करणाऱ्या तारा, स्विच, अभिचालित्रे व विद्युत् चुंबक यांच्या एकत्रित जोडणीला वातानुकूलनाचे विद्युत् मंडल म्हणतात. प्रत्यक्ष थंडावा प्रशीतकाच्या चक्रामुळे निर्माण होतो व त्यासाठी लागणारी शक्ती इंजिनाकडून पट्ट्याने संपीडकाला मिळते [⟶ प्रशीतन, वातानुकूलन]. विद्युत् मंडलाचे काम त्या मानाने दुय्यम वाटते. परंतु जुन्या गाडीत थंडावा न मिळण्याची बरीच कारणे या मंडलातच असतात. ते न तपासता ‘गॅस भरून’ घेतल्यास खर्च होतो व दोष तसाच राहतो. ज्या गाड्यांत इलेक्ट्रॉनीय नियंत्रक नसतो, अशा जुन्या गाड्यांचाच विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे.

अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९३९ मध्ये वातानुकूलित मोटारगाडी बाजारात आणली. तिच्यातील संपीडक इंजिनाशी कायमचा जोडलेला असल्यामुळे तो बंद करण्यासाठी गाडी थांबवून पट्टा काढावा लागे. पुढे विद्युत् चुंबकीय क्लचमुळे ही अडचण दूर झाली आणि त्याबरोबरच वातानुकूलनाचे खरे विद्युत् मंडल अस्तित्वात आले. भारतात अँबॅसडर आणि मुंबईतील कुर्ला येथे तयार होणारी प्रिमियर पद्मिनी या गाड्यांचे मूळ आराखडे वातानुकूलन गृहीत धरून केलेले नव्हते. त्यांपैकी अनेक गाड्यांना खाजगी कर्मशाळांनी डॅशबोर्डाखाली बाष्पकाची पेटी बसवून ही सोय नंतर करून दिली. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० या गाडीच्या काही प्रकारांत ती कारखान्यातच बसविलेली असे. हा भेद महत्त्वाचा आहे. कारखान्यातील जोडणीला आराखडा व तारांच्या रंगांचा संकेत असतो. नंतर केलेल्या जोडणीचा आराखडा ती करणाऱ्या कारागिराच्या डोक्यात असतो आणि गाडी दुसऱ्या हाती गेल्यावर तो कोणालाच उपलब्ध नसतो.

रचना : बॅटरीकडून येणारा प्रवाह प्रथम वितळतारेतून म्हणजे फ्यूजमधून जातो व तेथून अभिचालित्रापर्यंत पोहोचतो. कारागीर ज्याला रिले म्हणतात तेच हे अभिचालित्र. डॅशबोर्डावरील स्विच, बाष्पकाचे तापमान पाहून चालू-बंद होणारा तापस्थापी व प्रशीतकाच्या नळीवरील दाब स्विच हे एकसरीत जोडलेले असतात. हे सर्व बंद स्थितीत, म्हणजे जोडलेले असतील, तरच क्लचच्या वेटोळ्याला प्रवाह मिळतो. बाष्पकाच्या व संघनकाच्या पंख्यांना स्वतंत्र शाखा असतात. परतीचा मार्ग गाडीच्या सांगाड्यातून जातो. वेटोळ्याचा प्रवाह खंडित होताना निर्माण होणारा उलट दिशेचा उच्च दाब जिरविण्यासाठी त्याला समांतर द्विप्रस्थ (डायोड) जोडतात. तो उलटा जोडला गेल्यास मंडल चालू करताच फ्यूज वितळतो. १९६० च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांत बॅटरीचे धन अग्र सांगाड्याला जोडलेले असल्यामुळे ही चूक त्यांत सहज होते.

विद्युत् भार : बारा व्होल्ट मंडलात क्लच सु. ३ ते ४ अँपिअर, बाष्पकाचा पंखा पूर्ण वेगाने १० ते १५ अँपिअर व संघनकाचा पंखा ८ ते १० अँपिअर प्रवाह घेतो. ही बेरीज २१ ते २९ अँपिअर होते. जुन्या गाड्यांतील एकदिश जनित्राची, म्हणजे डायनामोची, एकूण क्षमताच २० ते २५ अँपिअर असे आणि इंजिन मंद गतीने चालत असताना ते जवळजवळ काहीच प्रवाह देत नसे. अशा गाडीत प्रत्यावर्तक न बसवता वातानुकूलन जोडल्यास वाढीव प्रवाह बॅटरीतून जातो व ती वारंवार उतरते. हा दोष बॅटरीचा नव्हे; तो हिशेबाचा आहे.

दोषशोधन : तपासणी बॅटरीपासून सुरू करून क्लचपर्यंत व तेथून परतीच्या मार्गाने पुन्हा बॅटरीपर्यंत क्रमाने करावी. कर्मशाळांतून प्रचलित असलेला तपासणी दिवा तार पूर्ण तुटलेली असेल तर उपयोगी पडतो. परंतु तो अत्यल्प प्रवाहावर उजळत असल्याने गंजलेल्या जोडाचा दोष त्याला दिसत नाही. जोडात केवळ ०.१ ओहम जादा रोध आला, तरी १५ अँपिअर प्रवाहाला १.५ व्होल्ट घट होते आणि त्या एका बिंदूवर २२.५ वॉट उष्णता निर्माण होते. वितळलेले प्लॅस्टिकचे जोड व काळे पडलेले अग्र ही याची खूण होय. म्हणून यंत्रणा चालू ठेवून, म्हणजे भार असताना, व्होल्टमापकाने प्रत्येक टप्प्यावरील दाबाची घट मोजणे हीच विश्वसनीय पद्धत आहे. पुरवठ्याच्या मार्गात अर्ध्या व्होल्टपेक्षा व सांगाड्याकडील मार्गात सु. ०.२ व्होल्टपेक्षा अधिक घट आढळल्यास त्या टप्प्यातील जोड उघडून साफ करावेत. तार बारीक असणे हेही घटीचे कारण असते. एक चौरस मिमी. छेदाच्या चार मीटर लांब तांब्याच्या तारेचा रोध सु. ०.०७ ओहम असतो व १५ अँपिअर प्रवाहाला तीत एक व्होल्टहून अधिक घट होते. अडीच चौरस मिमी. तारेत ती अर्ध्या व्होल्टच्या आत राहते.

विदर्भासारख्या प्रदेशात याला हवामानाची जोड मिळते. यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील ढाणकी व आसपासच्या गावांत मे महिन्यात दुपारचे तापमान अनेकदा ४२° से. च्या वर जाते व बॉनेटखालील तापमान त्याहून कितीतरी अधिक असते. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सु. ०.४ टक्क्याने वाढतो. त्यामुळे २०° से. ला ३.६ ओहम रोध असलेल्या वेटोळ्याचा रोध १००° से. ला सु. ४.७ ओहम होतो व प्रवाह जवळजवळ एक चतुर्थांशाने कमी होतो. त्यातच जोडांमुळे एकदीड व्होल्ट घट झाली व झिजेमुळे क्लचच्या तबकड्यांमधील फट वाढली, तर चुंबकाचे आकर्षण अपुरे पडते. परिणामी सकाळी उत्तम चालणारी यंत्रणा ऐन दुपारी बंद पडते आणि गाडी थंड झाल्यावर पुन्हा चालू लागते. ‘उन्हात गॅस संपतो’ असा या प्रकाराचा अर्थ काढला जातो. परंतु संपलेला गॅस संध्याकाळी परत येत नाही, हे लक्षात घेतल्यास दोष कोठे शोधावा हे उघड होते.

क्लच मुळीच ओढला जात नसेल, तर दाब स्विचकडे लक्ष द्यावे. प्रशीतक गळून गेल्यास हा स्विच मंडल खंडित करतो. संघनकावर धूळ बसून दाब फार वाढला असता, उच्च दाब स्विच असल्यास तोही मंडल खंडित करतो. अशा वेळी स्विचची दोन्ही अग्रे तारेच्या तुकड्याने जोडून क्लच चालू करण्याची वाईट पद्धत सर्वत्र आढळते. संपीडकाचे वंगणतेल प्रशीतकाबरोबरच फिरत असल्याने प्रशीतक नसताना तो चालविल्यास अल्पावधीत निकामी होतो. दहा-पंधरा रुपयांची तार जोडून हजारो रुपयांचा भाग घालविण्याचा हा प्रकार होय.

जोडणी काढून टाकणे : संपीडक निकामी झाल्यावर किंवा गाडी मूळ स्थितीत आणावयाची असल्यास ही जोडणी काढतात. तारा काढण्यासाठी प्रशीतकाच्या नळ्या सोडविण्याची गरज नसते. नळ्याही काढावयाच्या असल्यास प्रशीतक प्रथम योग्य यंत्राने काढून साठवावे लागते. जुन्या गाड्यांतील आर-१२ हे प्रशीतक ओझोन थराला घातक असून माँट्रिऑल करारानुसार (१९८७) त्याचे उत्पादन बंद झाले आहे. ते हवेत सोडणे सर्वथा अयोग्य आहे.

बॅटरीचे सांगाड्याला जोडलेले अग्र प्रथम सोडवावे. दुसरे अग्र आधी सोडविल्यास पाना सांगाड्याला टेकून मंडल संक्षेप होतो. त्यानंतर प्रत्येक तार तिच्या उगमापर्यंत शोधून तेथूनच काढावी. तार मध्येच कापून टोकाला चिकटपट्टी गुंडाळणे ही सर्वांत धोक्याची चूक होय. उन्हाळ्यात पट्टीचा चिकट थर मऊ होऊन ती सुटते. उघडे टोक सांगाड्याला लागले व ती तार फ्यूजच्या अलीकडे जोडलेली असली, तर बॅटरीचा सर्व प्रवाह तीतून वाहून गाडी पेट घेऊ शकते. उंदरांनी आवरण कुरतडलेल्या तारांच्या बाबतीतही हाच धोका असतो.

तार काढण्यापूर्वी तिच्यावर आणखी काय अवलंबून आहे हे पाहावे. ज्या गाड्यांत इंजिनाच्या शीतकाचा पंखा विजेवर चालतो, त्यांपैकी काहींत त्याचे अभिचालित्र वातानुकूलनाशी सामाईक असते. ते निघाल्यास पंखा थांबून इंजिन अतितप्त होते व मूळ दुरुस्तीपेक्षा मोठा खर्च उद्‌भवतो. मंद गती वाढविणारी विद्युत् झडप काढल्यास तिची निर्वात नळी बुजवावी लागते, अन्यथा इंजिन अडखळते. संपीडक जागेवर ठेवल्यास त्याची कप्पी मोकळी फिरत राहते. परंतु तिचा धारवा खराब झाल्यास पट्टा जळतो, आणि तोच पट्टा पाण्याचा पंप फिरवीत असेल तर इंजिनाचे शीतनही थांबते. इंजिन व आसनकक्ष यांमधील पत्र्यात तारांसाठी पाडलेली भोके रबरी बुचांनी बंद करावीत.

काम पूर्ण झाल्यावर बॅटरीचे अग्र व तिची तार यांमध्ये अँपिअर मापक एकसरीत जोडून सर्व स्विच बंद असताना प्रवाह मोजतात. इंजिन सुरू न करता घेतलेल्या या मोजणीत घड्याळ व रेडिओ नसलेल्या जुन्या गाडीत मापक शून्य दाखवितो. घड्याळ असल्यास काही मिलिअँपिअर प्रवाह दिसतो. त्याहून अधिक प्रवाह आढळल्यास फ्यूज एकेक करून काढतात व ज्याच्या काढण्याने प्रवाह थांबतो त्या शाखेत राहून गेलेली तार शोधतात.